समोरचा कोपरा

आर्लिस स्कोगेन आमच्या नॉर्डालच्या शाळेत एकतीस वर्षं स्वयंपाकीण होती आणि त्याच शाळेच्या ऑफिसात मी तेवढीच वर्षं हजेरीपट सांभाळले. दोघी एकाच वर्षी निवृत्त झालो. आमची घरंही एकमेकींना लागून. तिच्या न्हाणीघरात दिवा लागला की मला माझ्या ओट्यापाशी उभं राहून दिसतो. तिच्याबद्दल कुणी लिहायचं तर ते मीच, असं मी समजून चालले होते. आता तेवढी खात्री वाटत नाही, पण लिहिते.

बाई अंगानं काटक आणि बोलायला तुटक. दोनशे मुलांचं जेवण साडेअकराला म्हणजे साडेअकराला लागायचं. कुणी ताटात अन्न टाकलं तर ती ओरडायची नाही, नुसती त्या ताटाकडे बघत उभी राहायची. पोरं मुकाट्यानं संपवायची. धर्मानं ल्युथरन, राजकारणात डेमोक्रॅट आणि नवऱ्याच्या बाबतीत कायमची विरोधी पक्ष.

नवरा व्हर्लिन. काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा. सहा फूट उंच, बोलघेवडा, आणि भलताच हट्टी. दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी कधी पाहिलं नाही, आणि दोघं एकमेकांवाचून जेवलेलीही पाहिली नाहीत.

आमच्या आयोवात, निदान आमच्या पक्षात तरी, अध्यक्षपदाचा उमेदवार गुपचूप चिठ्ठी टाकून निवडायचा नसतो. दर चार वर्षांनी ऐन थंडीत संध्याकाळी सात वाजता शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळायच्या मोठ्या हॉलमध्ये, जमायचं, आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं आणि सगळ्या गावासमक्ष डोकी मोजून घ्यायची. शंभरात पंधराच्या हिशेबानं माणसं भरली नाहीत तर तो कोपरा मोडतो. मग तिथल्यांना अर्धा तास मिळतो. तेवढ्यात दुसऱ्या कोपऱ्यातून माणसं ओढून आणा, नाहीतर आपण दुसरीकडे जा. याला कॉकस म्हणतात. आमच्या भागातली डोकी मोजायचं काम गेल्या पाच खेपा माझ्याकडे आहे.

स्कोगेन नवरा-बायको नऊ कॉकसना आली आणि नऊही वेळा समोरासमोरच्या कोपऱ्यांत उभी राहिली. आधी आर्लिस आपली जागा धरायची. मग व्हर्लिन दारातून सगळी जिम न्याहाळायचा, ती कुठे आहे ते बघायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "आर्लिस तिकडे आहे ना? मग माझं इकडेच बरोबर आहे." लोक हसायचे. ते निव्वळ थट्टेनं चाललेलं नसायचं, हे मला माहीत आहे. वर्षभर दोघं उमेदवार तोलत असायची. इथे लोक उमेदवाराला दोनदा भेटूनही 'अजून नीटशी ओळख नाही झाली' म्हणतात, आणि ही दोघं त्यांतली पक्की. कोण कुठे बोलणार असेल तिथे चाळीस-पन्नास मैल जायची. व्हर्लिन त्यांचे हात बघायचा, आर्लिस त्यांची ताटं. चर्चच्या तळघरात पॅनकेक खाताना जो उमेदवार कॉफी ओतणाऱ्या बाईकडे वर मान करून बघत नाही, तो तिच्या यादीतून तिथेच गेला. मग घरी येऊन टेबलाशी बसायचं आणि वाद घालायचा. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की मला सगळं ऐकू यायचं. ऐकून मला हेवा वाटायचा, कारण माझा नवरा जेवताना रेडिओ ऐकायचा.

दहाव्या खेपेच्या आधी खिडकीतून एकच आवाज यायला लागला, आर्लिसचा. तोही वाद घालणारा नव्हता. "उजवा हात आधी. नाही, हा उजवा." असलं काहीतरी.

व्हर्लिनला विसर पडायला लागला होता. साधा चष्मा विसरण्यातला नाही. कॉकसला जवळजवळ दीड वर्ष होतं तेव्हा, सप्टेंबरात एका सकाळी तो माझी शिडी परत द्यायला आला. शिडी माझीच होती, पण ती दोन वर्षांपूर्वीच परत आली होती. त्यानं ती माझ्याच गॅरेजमधून काढून आणली होती. मी आभार मानून घेतली. मक्याची कापणी चालू होती त्या दिवसांत तर त्यानं कॅफेत माझ्यापुढे हात केला. "व्हर्लिन स्कोगेन," म्हणाला. "आपण कुणाकडच्या?" तीस वर्षांचा शेजार आमचा. मी हात हातात घेऊन म्हटलं, "तुमच्या शेजारच्याच." तो हसला, मी हसले. त्याच्यामागे आर्लिस उभी होती. ती माझ्याकडे बघत होती आणि मी पटकन मेनूकार्डात डोकं घातलं.

आमच्याकडे अशी रीत आहे की दुसऱ्याच्या घरातलं दुखणं आपण होऊन काढायचं नाही. त्यांनी सांगितलं की मग ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची कॅसरोल घेऊन त्यांच्या दारात जायचं. तोवर हवापाण्यावर बोलायचं. हा आम्ही सभ्यपणा समजतो. त्या कॅफेत मी एकटीच नव्हते. धान्याच्या कोठारावरचा मर्ल होता, औषधांच्या दुकानातली ग्लेंडा होती. सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्यांनी आपापल्या कॉफीत साखर ढवळली.

आर्लिसनंही कुणाला सांगितलं नाही. कळलं की लोक त्याच्याशी हळू आवाजात बोलायला लागतील, लहान पोराशी बोलल्यासारखे, ते तिला नको होतं. या एका कॉकसला तरी त्यानं पूर्वीचा व्हर्लिन म्हणून जिममध्ये उभं राहावं, गावानं त्याला तसाच बघावा, एवढं तिच्या मनानं घेतलं होतं. तेवढ्यासाठी ती त्याला घेऊन पूर्वीसारखीच उमेदवारांच्या सभांना जात राहिली. त्याची बटणं लावायची, त्याला बाथरूमला नेऊन आणायचं, कुणी काही विचारलं तर आधी आपण उत्तर द्यायचं. त्या वर्षात ती इतकी वाळली की चर्चला जायचा तिचा कोट तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटावा असा झाला. मी तिला म्हटलं, काय गं, बारीक झालीस. ती म्हणाली, हो, जरा झालेय. झालं, एवढंच बोलणं.

त्या वर्षी मैदानात तिघं होती. गव्हर्नर हॅलरन, मेयर ओसोरिओ आणि सेनेटर ड्रेपरबाई. आर्लिसनं तिघांनाही एकच प्रश्न विचारला. तो मी तिन्ही वेळा ऐकला, कारण गाडी मी चालवत होते. घरात एखादं माणूस असं आजारी असेल, की ते बरं होणार नाही आणि त्याला क्षणभर सोडून जाताही येत नाही, तर त्याचं करणाऱ्या माणसाकडे कोण बघणार? माझ्या एका मैत्रिणीसाठी विचारतेय, असं ती आधी सांगायची.

हॅलरननं तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि डोळ्यांत पाणी आणलं. त्याची आई अशीच गेली म्हणाला. पुढे काही म्हणाला नाही. परत येताना आर्लिस म्हणाली, "रडायला मला तो कशाला हवा? तेवढं मला येतं." ओसोरिओ तरुण माणूस. तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, तुमच्या मैत्रिणीचा एक दिवस कसा जातो ते मला सांगा. आर्लिसचं तोंड उघडलं, आणि मिटलं. तिच्याशेजारी व्हर्लिन बसला होता, मागे आम्ही सगळे. "तिलाच विचारून सांगते," असं म्हणून ती उठली.

ड्रेपरबाई रूक्ष. कुणाला आवडायची नाही. तिनं सात मुद्दे मोजून सांगितले. त्यातला पाचवा मुद्दा असा, की अशा घरात आठवड्याला चार तास सरकारी खर्चानं कुणीतरी येऊन बसेल. बाकीचे सहा आर्लिसनं ऐकलेसुद्धा नसावेत. घरी पोहोचेपर्यंत ती मधूनमधून बोटं मोजत होती. चार तासांत काय काय करता येईल ते मोजतेय, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं किराणा मोजतेय.

त्या काळात तिच्या घरचा फोन सारखा वाजायचा. प्रचाराची माणसं, बहुतेक बाहेरून आलेली, गोड बोलणारी. ज्यांचं अजून ठरलेलं नाही त्यांना ती रोज फोन करतात. ठरलं म्हटलं की फोन बंद. आम्ही सगळे वैतागून कुणाचं तरी नाव सांगून मोकळे झालो. आर्लिस मात्र शेवटपर्यंत 'अजून ठरलं नाही' म्हणत राहिली. मला वाटायचं, हिची जुनी खोड. खरं कारण तिनं मला नंतर सांगितलं. फोन आला की ती व्हर्लिनच्या हातात द्यायची. तो बोलघेवडा, समोरच्यांना चिकाटी. वीस मिनिटं तो खुर्चीतून हलायचा नाही. तेवढ्यात ती अंघोळ करून घ्यायची. तिच्या न्हाणीघरातला दिवा भलत्या वेळी का लागतो, हे मी ओट्यापाशी उभी राहून महिनोन्महिने नवल करत बघत होते.

आणि तिथेच घोटाळा झाला. फोनवर व्हर्लिन प्रत्येकाला हो म्हणायचा. मग ती माणसं पाठिंब्याचं कार्ड घेऊन दारात यायची आणि तो सही करून द्यायचा. त्याची सही तेवढी शाबूत होती, अगदी पूर्वीसारखी झोकदार. आयुष्यभर शेवटच्या आठवड्यापर्यंत कुणाला दाद न देणारा माणूस ऑक्टोबरातच सही देतो, यात प्रत्येक गटाला आपला विजय दिसला.

कॉकसच्या संध्याकाळी एकसष्ट माणसं आली. बाहेर उणे वीस होतं. आर्लिसनं व्हर्लिनला करडा सूट घातला होता, दाढी गुळगुळीत केली होती. तिचा बेत साधा होता. ती ड्रेपरच्या कोपऱ्यात उभी राहील, त्याला हाताला धरून शेजारी उभा करील, एकदा डोकी मोजली की घरी. तिनं घरी त्याच्याकडून तसं चार वेळा वदवून घेतलं होतं. पण कोट टांगायला तिनं त्याचा हात सोडला तेवढ्यात मर्लनं त्याला गाठलं आणि बोलत बसला. आर्लिसला वाटलं, चला, बरा बोलतोय, राहू दे. ती जाऊन आपल्या कोपऱ्यात उभी राहिली आणि तिथून त्याला खूण केली.

व्हर्लिननं मान वर केली. सगळी जिम न्याहाळली. ती दिसली तसा त्याचा चेहरा खुलला.

"आर्लिस तिकडे आहे ना?" तो म्हणाला. "मग माझं इकडेच बरोबर आहे."

जिम हसली. मीही हसले. आणि तो मर्लच्या, म्हणजे हॅलरनच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

मी डोकी मोजली. हॅलरन सत्तावीस, ओसोरिओ अठरा, न ठरलेले सात आणि ड्रेपर नऊ. कोपरा टिकायला दहा लागत होते. मी अर्ध्या तासाचं घड्याळ लावलं.

ग्लेंडा ड्रेपरच्या कोपऱ्याची म्होरकी. तिनं पर्समधून कार्ड काढून हवेत हलवलं. व्हर्लिननं ऑक्टोबरातच आपल्याला सही दिलीय, तो आपलाच आहे, म्हणाली. मर्ल म्हणाला, वा, माझ्याकडेही आहे की त्याची सही. मग ओसोरिओच्या कोपऱ्यातून टेस, शाळेत बँड शिकवणारी, तिनंही एक कार्ड वर केलं. पुन्हा हशा. "व्हर्लिन, लेका, तिघांना शब्द देऊन बसलास की काय?" मर्लनं त्याच्या पाठीत थाप मारली. व्हर्लिनही हसत होता. सगळे हसताहेत म्हणून.

ग्लेंडानं हाक मारली तसा तो बिचारा निमूट निघाला, मधली सगळी जिम ओलांडून ड्रेपरच्या कोपऱ्यात आला. मी नऊचे दहा करणार, एवढ्यात त्याला शेजारी आर्लिस दिसली. तो थबकला. "नाही, नाही," म्हणाला, "मी चुकलो," आणि परत फिरला. आर्लिसनं त्याची बाही धरली, कानात काहीतरी सांगितलं. त्यानं मान डोलावली, बाही सोडवून घेतली आणि मर्लकडे गेला. हशा झाला, पण जरा कमी.

मग आर्लिस स्वतःच निघाली. निदान त्याच्याजवळ उभं राहावं म्हणून ती हॅलरनच्या कोपऱ्यात गेली. ती आली तसा व्हर्लिन तिथून निघाला आणि टेसच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. ती थांबली, मग त्याच्या मागोमाग गेली. तो पुन्हा निघाला. यावेळी त्याला कुठे जायचं ते सुचेना. जिमच्या मधोमध, बास्केटबॉलच्या वर्तुळात तो उभा राहिला आणि एकेका कोपऱ्याकडे बघायला लागला. त्याचे ओठ हलत होते. आता कुणीही हसत नव्हतं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते, आणि मी माझ्या कागदाकडे.

घड्याळात सहा मिनिटं उरली होती. ग्लेंडा वाईट नाही, पण तिला एक डोकं हवं होतं. "व्हर्लिन, अरे, एकदाच काय ते सांगून टाक," ती म्हणाली. "तुला कोण हवंय?"

"त्याला यातलं कुणी माहीत नाही," आर्लिस म्हणाली. आवाज चढवून नाही. जेवण लागलंय असं सांगावं तशी. "त्याला नावं आठवत नाहीत. आज कोणता महिना ते आठवत नाही. मी जिथे असेन त्याच्या समोर उभं राहायचं, तेवढं एक त्याला आठवतं."

मी टेबलामागून उठून तिच्यापाशी गेले. काहीतरी बरं बोलावं म्हणून म्हटलं, "अगं, असू दे. आम्हाला माहीत होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं तिला हायसं वाटेल.

"कधीपासून?"

"गेल्या नाही, त्याच्या आदल्या कापणीपासून."

"सगळ्यांना?"

तिनं एकेकाकडे पाहिलं. मर्लकडे, ग्लेंडाकडे, माझ्याकडे.

"मग मी चौदा महिने हे कुणासाठी लपवत होते?" ती म्हणाली. "लोइस, तुझ्या-माझ्या घरात बारा पावलांचं अंतर आहे. एकदा विचारायचं होतंस. मी खोटं बोलले असते, पण तू विचारायचं होतंस."

कुणीतरी नाक शिंकरलं. घड्याळ वाजलं. ड्रेपरच्या कोपऱ्यात आठ माणसं उरली होती आणि तो कोपरा मोडला. आर्लिस कुठल्याच कोपऱ्यात नव्हती, म्हणून मी तिला मोजलंही नाही.

तिनं खुंटीवरचा व्हर्लिनचा कोट आणला, त्याला घातला, बटणं लावली आणि त्याचा हात माझ्या हातात दिला. "तू घेऊन जा त्याला घरी," म्हणाली. "मी चालत येते."

उणे वीसमध्ये कुठे चालत येतेस, असं कुणीच म्हणालं नाही. निकालाचे कागद मी टेसच्या हवाली केले.

गाडी तापेपर्यंत व्हर्लिन माझ्या शेजारी नीट बसला. मग म्हणाला, "आर्लिस कुठेय?" मी म्हटलं, येतेय मागून. रस्ता चार मिनिटांचा. त्यात त्यानं पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा सांगितलं. घरी नेऊन त्याला खुर्चीत बसवलं, बूट काढले, दूध गरम करून दिलं. आर्लिस कुठेय? येतेय. तिला कळवलंय का मी इथे आहे? कळवलंय. आर्लिस कुठेय? तो उठून दाराशी गेला, मी परत आणून बसवला. तो खिडकीशी गेला, तिथून आणला. त्याच्या डोळ्यांत दरवेळी तीच नवी काळजी, आधी कधी विचारलंच नसल्यासारखी. आर्लिस कुठेय?

"येतेय म्हणून सांगितलं ना," मी त्याच्यावर ओरडले. "किती वेळा सांगायचं? बस खाली गप्प."

तो बसला. एवढा थोरला माणूस, हात मांडीवर ठेवून, घाबरून. "माफ करा हं, बाई," तो म्हणाला.

मी घड्याळात पाहिलं. त्याला सांभाळायला घेऊन मला चाळीस मिनिटं झाली होती.